चेंबर उतरवताना

मोटारीच्या इंजिनाच्या अगदी तळाशी पत्र्याची एक खोलगट परात बसवलेली असते. इंजिनाचं तेल या परातीत साठतं. पुस्तकात तिला ऑइल पॅन म्हणतात, कुणी संप म्हणतं. आपल्याकडच्या गॅरेजात जाऊन तुम्ही ‘ऑइल पॅन’ म्हणालात, तर पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. तिथं तिचं नाव चेंबर. आणि गंमत अशी, की वकिलाचं ते चेंबर, गटाराचं ते चेंबर. पण गॅरेजातला तो चेंबर. ‘चेंबर फुटला’, ‘चेंबर लागला’, ‘चेंबर उतरवा’. व्याकरणाच्या पुस्तकात हे लिंग तुम्हाला सापडणार नाही. मी मराठी घेऊन बी. ए. झालो, तेव्हा मलाही कुणी शिकवलं नव्हतं. कराडच्या एका गॅरेजात बसून ते शिकलो.

कविता लिहिणाऱ्या माणसाला चेंबरशी काय कर्तव्य, असं तुम्हाला वाटेल. माझ्याकडे वापरलेली मारुती ८०० होती. कवी आणि जुनी गाडी यांना एका उस्तादाची गरज असते. मला तो मिळाला. ‘या शायर, बसा,’ म्हणून ते एक उलटा डबा पुढे सरकवायचे आणि गाडीखाली सरकायचे. त्यांचे फक्त पाय बाहेर दिसत आणि आवाज आतून येई. चेंबर काढणं आणि पुन्हा बसवणं हे काम मी तिथं इतक्यांदा पाहिलं, पुढे हातांनीही केलं, की आज तेच सांगावंसं वाटतं.

आधी हा चेंबर करतो काय? इंजिन चालू असतं तेव्हा क्रँक नावाचा जाड लोखंडी दांडा गरगर फिरत असतो. गाडी सिग्नलला नुसती उभी असली तरी तो मिनिटाला आठशे-नऊशे फेरे घेतो. हा दांडा ज्या बेअरिंगांत फिरतो त्यांना तो खरं म्हणजे टेकतच नाही. दोघांच्या मध्ये तेलाचा एक पापुद्रा असतो, केसाहूनही बारीक. त्या पापुद्र्यावर दांडा तरंगतो. हे तेल पंप खेचतो कुठून? चेंबरच्या तळापासून जेमतेम बोटभर वर एक जाळी लटकत असते, तिच्यातून. वर गेलेलं तेल सगळीकडे फिरून, गरम होऊन पुन्हा चेंबरमध्ये टपकतं, थोडं निवतं, पुन्हा वर जातं. मारुती ८००मध्ये हे सगळं तेल तीन लिटरच्या आसपास. घरातल्या एका लहान कळशीपेक्षाही कमी. एवढ्या तेलावर सगळा संसार.

आणि हा संसार गाडीच्या सगळ्यात खालच्या जागी, दगडधोंड्यांच्या तोंडी ठेवलेला. रस्त्यावरचा दगड, खड्ड्याची कड आणि आपला राष्ट्रीय अडथळा म्हणजे स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८मध्ये स्पीडब्रेकर कसा असावा ते लिहून ठेवलं आहे : उंची दहा सेंटीमीटर आणि रुंदी तीन मीटर सत्तर सेंटीमीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी सुखाने पार होईल. तीन मीटर सत्तर! तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे तो मोजून बघा. आपल्याकडे उंची मनासारखी आणि रुंदी उरलेल्या डांबराइतकी. गाडीत चार माणसं आणि डिकीत लग्नाचं सामान असलं, की खालून ‘खर्रर्र’ असा आवाज येतो. तो चेंबरचा.

आता महत्त्वाची गोष्ट. चेंबर फुटला आणि खाली तेलाचं थारोळं झालं, तर माणूस घाबरून थांबतो, म्हणजे इंजिन वाचतं. खरा दगाबाज असतो तो न फुटलेला, नुसता पोचा पडलेला चेंबर. मघाशी सांगितलेली जाळी तळापासून बोटभर वर असते ना? पत्रा बोटभर आत दबला, की तो जाळीच्या तोंडाला जाऊन बसतो. तेल भरपूर असतं, डिपस्टिक बरोबर दाखवते, खाली एक थेंब गळत नाही, आणि वर इंजिन तेलावाचून कोरडं पडतं. म्हणून चेंबर जोरात लागला असेल, तर गळत नसला तरी एकदा खालून बघून घ्यावं. पोचा खोल असेल तर उतरवावा.

माझ्या एका मित्राची गोष्ट सांगतो. मारुती व्हॅन होती त्याची, कर्जावर घेतलेली, भाड्याने चालवायचा. चिपळूणहून भाडं घेऊन कुंभार्ली घाट चढत होता. घाट सुरू व्हायच्या आधीच कुठंतरी दगड लागला होता. बारीक चीर, तेल थेंबथेंब जात राहिलं. वळण आलं की डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा क्षणभर लागायचा, रस्ता सरळ झाला की विझायचा. त्याला वाटलं, वायर ढिली असेल. पण तेल कमी झालं, की वळणावर ते चेंबरच्या एका कडेला जातं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. सरळ रस्त्यावर तेल पुन्हा जाळीखाली येतं. दिवा खरं बोलत होता. घाटमाथ्यावर पोचेपर्यंत इंजिनातून ‘टक्‌टक्‌’ सुरू झाली, आणि कोयनानगरच्या अलीकडे इंजिन जागीच जाम झालं. चिरेला पितळेचा टाका मारून घ्यायला एक दुपार लागली असती. त्याऐवजी क्रँक गेला, बेअरिंगं गेली, इंजिन पूर्ण खोललं. तो उन्हाळा म्हणजे लग्नसराईचा. व्हॅन गॅरेजात आणि हप्ते चालू. शेवटी त्याने ती विकली.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा, की तो लाल दिवा तेल किती आहे हे सांगत नाही. तेलाचा दाब गेला हे सांगतो. तो चालत्या गाडीत लागला तर ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ’ म्हणायचं नाही. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायचं, तिथंच.

चेंबर उतरवण्याआधी तोच गळतोय का, हे पाहावं. तेल नेहमी खाली ओघळतं, त्यामुळे वर कुठेही गळती असली तरी थेंब चेंबरवरूनच पडतो. वरच्या झाकणाचं पॅकिंग कडक झालेलं असतं, तेलफिल्टर ढिला असतो, तेलाच्या दिव्याचा स्विच पाझरत असतो; आणि बिचारा चेंबर उगाच उतरवला जातो. आमचे उस्ताद आधी सगळं इंजिन खालून रॉकेलने धुऊन कोरडं करायचे, मग गाडी चक्कर मारून आणायची आणि बॅटरीच्या उजेडात बघायचं, ओल सगळ्यात वर कुठे दिसते. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात त्या फटीतून थेंब येत असेल, तर बहुधा क्रँकच्या मागचं ऑइल सील गेलेलं असतं, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तो वेगळा खर्च.

बरं, चेंबरच आहे असं ठरलं. आता गाडी वर घ्यायची. इथं मी थोडा थांबणार आहे. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊन माणसं मेलेली आहेत. विटा रचून, सिमेंटचे पोकळ ठोकळे रचून गाडी ठेवतात. ते भार आला की चुरा होतात. गॅरेजात खड्डा असेल तर उत्तम. नसेल तर सपाट, टणक जमिनीवर लोखंडी घोड्या लावायच्या, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक ओढलेला, आणि खाली जाण्याआधी गाडीला हाताने जोरात हलवून बघायचं. उस्ताद नव्या पोराला पहिले कित्येक महिने फक्त हेच करू देत, पाना हातात देत नसत. पोरं कुरकुरत. मला मात्र तो नियम फार शहाणपणाचा वाटे.

तेल काढायचं ते इंजिन कोमट असताना. थंड तेल जाड असतं, गाळ तळाला धरून बसतं. कढत असलं तर हात भाजतो. वरचं तेलाचं झाकण उघडलं म्हणजे हवा मिळून धार मोकळी पडते. चेंबरचा खालचा बोल्ट सोडवताना त्याच्या वायसरकडे लक्ष ठेवावं. तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा हा छोटा वायसर एकदा दबला की दबला. पुन्हा बसवताना नवा घालावा. किंमत चहाच्या कपाएवढी, पण तो वाचवण्याच्या नादात लोक बोल्ट जास्त आवळतात आणि चेंबरचे आटे खराब करून बसतात.

निघालेलं तेल लगेच ओतून देऊ नका. त्याच्याकडे बघा. काळं असेल तर काळजी नाही. काजळी अंगावर घेणं हे तेलाचं कामच आहे. दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर पाणी शिरलंय, म्हणजे हेडचं पॅकिंग तपासायला हवं. पेट्रोलचा वास मारत असेल तर पेट्रोल खाली उतरतंय आणि तेल पातळ होतंय. आणि उन्हात धरल्यावर चांदीचा किंवा तांब्याचा वर्ख मिसळल्यासारखं चमकलं, तर मात्र बेअरिंगं झिजताहेत. मग नुसता चेंबर जोडून भागणार नाही. चेंबर उतरल्यावर तळाच्या गाळातूनही लोहचुंबक फिरवतात. चुंबकाला चिकटलं ते लोखंड, म्हणजे क्रँक, गिअर, रिंगा. न चिकटता चमकलं ते बेअरिंगाचं. हकीम नाडी बघतात तसं उस्ताद हा गाळ दोन बोटांत चोळून बघायचे.

मारुतीत चेंबरच्या खालून सायलेन्सरचा पुढचा पाइप जातो. तो आणि फ्लायव्हीलचं खालचं झाकण आधी बाजूला करावं लागतं. पाइपाचे नट उष्णतेने गंजून धरलेले असतात. त्यांना आदल्या रात्रीच तेल पाजून ठेवलं तर सकाळी तुटत नाहीत. मग चेंबरचे बोल्ट. दहाचा पाना किंवा दहाची गोटी. सगळ्या कडेने हे छोटे बोल्ट असतात. दोन-चार कोपऱ्यात असे लपलेले, की ते बोटांनीच शोधावे लागतात. एका पुठ्ठ्यावर चेंबरची आकृती काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवावा, कारण सगळ्यांची लांबी सारखी असेलच असं नाही. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तो तळाला टेकतो, आपल्याला वाटतं आवळला, आणि चेंबर ढिलाच राहतो.

सगळे बोल्ट निघाले तरी चेंबर हलत नाही. आतला मसाला त्याला धरून असतो. नवशिक्या इथं पेचकस घुसवून उचकटतो. पत्र्याची कड वाकते, आणि ती वाकलेली कड पुढे जन्मभर गळते. लाकडी हातोडीने बाजूबाजूने हलके ठोके द्यायचे, एका कोपऱ्यात पातळ पात्याची पट्टी सरकवायची आणि ती कडेकडेने पुढे न्यायची. चेंबर ‘चर्र’ आवाज करत सुटतो. सरळ खाली घ्यावा. आत जाळी आहे, ती अडकते. आणि तोंड बाजूला ठेवावं, कारण तेल संपलं असं कितीही वाटलं तरी वाटीभर उरलेलं असतंच.

चीर असेल तर काय? पत्र्याचा चेंबर गॅसवर पितळेने जोडता येतो, पण आधी तेलाचा अंश राहणार नाही इतका धुऊन. गाडीला लावलेल्या स्थितीत वेल्डिंग कधीही नाही. तेलाची वाफ पेट घेते. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांचे चेंबर अ‍ॅल्युमिनियमचे ओतीव असतात. त्यांना पोचा पडत नाही, ते तडकतात. त्यांना आर्गन वेल्डिंग लागतं आणि ते करणारा कारागीर चांगला हवा, नाहीतर नवीनच घेतलेला बरा. रस्त्यात अडलं तर एम-सील लावून लोक गाव गाठतात. ठीक आहे, पण जागा कोरडी आणि खरवडलेली हवी, आणि गाव गाठल्यावर ते काढायचं असतं. आपण काढत नाही. तात्पुरतं लावलेलं कायमचं ठेवण्यात आपला हात कुणी धरणार नाही.

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम : सफाई. जुना मसाला वरून इंजिनाच्या कडेवरचा आणि खालून चेंबरच्या कडेवरचा, दोन्हीकडचा पूर्ण खरवडायचा. रॉकेलने किंवा डिझेलने धुवायचं. पेट्रोलने नाही, खड्ड्यात त्याची वाफ साचते. जाळी धुवायची. धागे सुटणारी चिंधी वापरायची नाही, कारण तेच धागे उद्या जाळीत अडकतील. मग चेंबरची कड एका सपाट काचेवर किंवा फरशीवर ठेवून बघायची. प्रत्येक बोल्टाच्या भोकाभोवती पत्रा वर उचललेला दिसेल. आधीच्या मेकॅनिकने जीव खाऊन आवळल्याची ती खूण. खाली लोखंडाचा ठोकळा धरून, गोल डोक्याच्या हातोडीने हलके ठोके देत ती कड सपाट करावी लागते. हे करायला अर्धा तास लागतो, म्हणून कुणी करत नाही. आणि म्हणूनच चेंबर उतरवून बसवला तरी महिन्याभरात परत गळतो.

जोडणीला पूर्वी शेलॅक लावत. शेलॅक म्हणजे आपली लाखच : पळस-कुसुंब-बोरीच्या झाडावरच्या किड्याची, जिच्या बांगड्या होतात, जिने लखोटे बंद होत. इंजिनाचं तोंड बंद करायलाही तीच, याचं मला फार अप्रूप वाटलं होतं. अ‍ॅम्बॅसडरसारख्या जुन्या गाड्यांना कागदाचं किंवा बुचाचं पॅकिंग असे. आता नळीतून येणारा सिलिकॉनचा मसाला असतो, तो हवेतल्या दमटपणाने घट्ट होतो. कोरड्या, तेलकटपणा नसलेल्या कडेवर तीन मिलिमीटर जाडीची एकच अखंड धार ओढायची, बोल्टाच्या भोकांच्या आतल्या बाजूने, आणि काही मिनिटांतच चेंबर वर चढवायचा. इथं उदारपणा नडतो. जास्तीचा मसाला बाहेर येतो तो दिसतो. तेवढाच आतही दाबला जातो तो दिसत नाही. त्याच्या शेवया तुटून तेलात पडतात आणि सरळ जाळीच्या तोंडाशी जातात. गळती थांबवायला भरपूर मसाला लावला आणि त्याच मसाल्याने इंजिनाचा घास घेतला, अशी इंजिनं मी उघडलेली पाहिली आहेत.

चेंबर वर धरायला दुसरा माणूस घ्या. बोल्टाची भोकं फुंकून कोरडी करा. आत तेल साचलेलं असलं तर बोल्टाला तळाशी जाता येत नाही. सगळे बोल्ट आधी हाताने, चारचार आटे. मग मधल्यापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा. पहिल्या फेरीत नुसते टेकवायचे, दुसऱ्या फेरीत आवळायचे. किती? या बोल्टांना साधारण एक किलो-मीटरचा पीळ लागतो. म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाला एक किलोचं वजन लटकवावं तेवढा. दहाचा पाना वीतभर असतो, तेव्हा मनगटाचा जोर पुरे होतो, दंडाचा लागत नाही. उस्ताद पोरांना पाना डोक्याजवळ धरायला लावत, म्हणजे जोर करू म्हटलं तरी होत नसे. ‘नट आवळ रे, त्याचा गळा आवळू नको,’ हे गाडीखालून मी कितीतरी वेळा ऐकलंय.

नळीवर लिहिलेला वेळ जाऊ द्यायचा, शक्य तर रात्रभर. नवा वायसर घालून खालचा बोल्ट, मग तेल. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत कॉइलची वायर काढून आधी नुसता सेल्फ मारत, पाच-सात सेकंद, म्हणजे इंजिन चालू होण्याआधी तेल वर पोचे. मग इंजिन चालू. लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद. विझला तर पाच मिनिटं चालवून, बंद करून, तेल खाली उतरू द्यायचं आणि डिपस्टिक बघायची. दुसऱ्या दिवशी बुचाच्या पॅकिंगचे बोल्ट पुन्हा एकदा हलके आवळतात, कारण बूच बसतं. सिलिकॉनचे मात्र आवळू नयेत. घट्ट झालेली धार फाटते.

राहिलं ते जुनं तेल. आमच्याकडे ते वाळवी लागू नये म्हणून वाशांना फासतात, बांधकामवाले सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला नेतात, आणि उरलेलं गटारात. हे तेल कातडीला वाईट आणि विहिरीला त्याहून वाईट. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांत ते येतं. २०२३मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४पासून तेल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुनं तेल शुद्ध करून पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी आली. नोंदणी असलेले लोक ते विकत घेतात. एका डब्यात पाणी किंवा रॉकेल न मिसळता साठवलं, तरच त्याला भाव येतो. म्हणून उस्तादांच्या गॅरेजात दोन डबे असत, एक धुतलेल्या रॉकेलचा आणि एक तेलाचा. तेलाच्या डब्यावर मी मोठ्या अक्षरात ‘तेल’ लिहून दिलं होतं. त्या गॅरेजात रंगलेलं माझं तेवढंच साहित्य.